दुसरा खोकला

१२ जानेवारी, महादेवपुरा
निपाणीच्या आमच्या शाळेत घंटा नव्हती, रुळाचा तुकडा टांगलेला असे. शिपाई त्यावर हातोडी मारी, तो 'ठण्ण' पहाटे गाडीत कानात वाजला. डोळे उघडले तर बेंगळुरू आलेलं! स्टेशनवर नातू ईशान हजर. अकराव्या मजल्यावर घर, खिडकीभर काचेच्या इमारती. संगणकावरच्या चोऱ्या पकडायचं शिक्षण घेतलंय पोरानं. आठ महिने मुलाखती देतोय, नोकरी नाही. जेवताना चौथीतली कविता म्हटली: 'पैलतिरी दिवा लाव, नाव माझी येत आहे.' तो लहानपणासारखाच मध्ये ओरडला, 'भूक मला लागत आहे!' ठसका लागेतो हसलो.

१५ जानेवारी
ईशान एका कंपनीत शेवटच्या फेरीला पोचला. हल्ली दुसऱ्याचा आवाज काढून फोनवर फसवतात म्हणे; खरा कुठला, खोटा कुठला, हे ओळखायचं काम. सरावाला घरातल्या वडीलधाऱ्याचा आवाज हवा होता. मला काय, निमित्तच मिळालं! फोनवर कविता म्हटली. पलीकडे कंपनीच्या रक्षिता नावाच्या बाई होत्या. रोज म्हणा म्हणाल्या. आणि खोकला आला तर दाबू नका.

१८ जानेवारी
चौथा दिवस. आज कविता नकोच होती. नातवाला लाडानं काय हाक मारता, एवढंच विचारलं. चिमण्या, म्हटलं. संध्याकाळी नोकरीचं पत्र आलं! स्वयंपाकाच्या यल्लव्वा अक्कांनी केसरीभात केला. 'अण्णा, स्वल्प तरी घ्या' म्हणत तीनदा वाढला.

२३ जानेवारी
निपाणीहून सूनबाईचा, ईशानच्या आईचा फोन. हसत होती. मामंजी, कविता ऐकवायला दिवसातून चार-चारदा फोन करता होय, म्हणाली.
मी एकदाही केलेला नाही.

२४ जानेवारी
दुपारी फोन वाजला. पलीकडे कोणी खोकलं. माझाच खोकला. मग कविता. जिथे माझा दम तुटतो, तिथेच तुटली.
ईशानला सांगितलं. पांढराफटक पडला. त्या ऑफिसात त्याच्याशिवाय कोणी बसतच नाही, म्हणाला. रक्षिताबाईंना त्यानं पाहिलेलंच नाही. उद्या जाऊन नोकरी सोडून येतो, म्हणाला.

२५ जानेवारी, दुपारी दोन
अजून आला नाही. मीच फोन लावला. कोण बोलतंय, त्यानं विचारलं. अरे, मी आजोबा! तर म्हणाला, आजोबा मला न्यायला आलेत, ऑटोत माझ्या शेजारी बसलेत.
मी ओरडलो— चिमण्या, 'भूक मला लागत आहे'! हे त्या बाईंना मी कधीच सांगितलं नव्हतं—
मग त्याच्या शेजारून खोकला. माझाच आवाज हसून म्हणाला, बघ चिमण्या, फोनवरचं ते हेही शिकलं—

अडीच
लिफ्ट थांबली. दाराच्या भिंगातून पाहिलं. ईशान. त्याच्या मागे माझा मफलर गुंडाळून— माझा मफलर तर इथे खुंटीवर—
किल्ली फिरते आहे. ईशान म्हणतोय, आजोबा, तुम्ही मागेच थांबा. खोटा आवाज ओळखणं माझं कामच आहे. आत जे बसलंय ना, त्याला मी—