करंड्यातली किल्ली

बेंगळूर, मंगळवार, १२ मार्च १९६८

आज संध्याकाळी वसंता पुन्हा दारू पिऊन स्कूटर चालवत घरी आला. कायद्याने गाडीला अठरा वर्षं पुरतात, दारूला एकवीस लागतात. माझा मुलगा एकोणीसचा. मग त्याला देतं कोण?

"स्वल्पच घेतली गं आई. लायसन आहे ना माझ्याकडे!" वर हसतो.

त्याचे वडीलही थोडीच घेऊन निघाले होते. यशवंतपूरच्या रस्त्यावरून त्यांना उचललं, तेव्हा लायसन खिशातच होतं.

तो झोपल्यावर स्कूटरची किल्ली घेतली. पण लपवू कुठे? डबे, देव्हारा, सगळं धुंडाळतो. शेवटी माझ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली. हे गेल्यापासून त्या करंड्याला घरात कोणी हात लावत नाही. मीसुद्धा आजच लावला.