सरपणातला साप

अप्पा, आता कुत्र्याचं भुंकणं मोबाईलवर कळतं म्हणे. परवा तुमची नात मला दाखवत होती. खाली गेटपाशी एक कुत्रं भुंकत होतं. तिनं गॅलरीतून मोबाईल त्याच्या दिशेनं धरला आणि त्यावर अक्षरं उमटली, 'मला भूक लागली आहे.' ती हसली आणि म्हणाली, "आई, आजोबांना हे लई आवडलं असतं की." मी म्हटलं, त्यांना कशाला लागतंय ते, त्यांना सगळं कळायचंच. मी ते अशा काही सुरात म्हटलं की ती माझ्याकडं बघतच राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा विषय निघाला की अजून माझं बोलणं सरळ येत नाही. तिला काय सांगणार? म्हणून आज जेवणं उरकल्यावर, घरात कुणी नसताना लिहायला बसले आहे.

मंद्रूपची आपली रानातली वस्ती. तुम्ही अंगणात बाजेवर आडवे पडलेले, डोळे मिटलेले. लांब बांधावर कुत्रं भुंकतं आणि तुम्ही डोळे न उघडता आत आवाज देता, "पाव्हणं हाय. च्या ठिवा." आणि खरंच, थोड्या वेळानं पायवाटेनं मामा येताना दिसतात. परक्याचं भुंकणं वेगळं, डुकराचं वेगळं, सापाचं तर एकदमच वेगळं. "साप असला की कुत्रं म्होरं बी जात न्हाय, मागं बी हटत न्हाय. एका जागी नाचत भुंकतंय," असं तुम्ही मला शिकवलं होतं. शेजारच्या वस्तीवरची माणसं मुद्दाम विचारायला यायची, काल आमचं कुत्रं असं असं भुंकत होतं, काय असेल? तुम्ही मिशीवर बोट फिरवत सांगायचात. बाजारात गेलं तरी माणसं म्हणायची, ह्यांना कुत्र्याची भाषा येते. माझीही छाती फुगायची, ते का नाकारू?

एकदा आपलं कुत्रं रात्रभर कण्हत होतं, तर त्या कण्हण्यावरून तुम्ही ओळखलंत की पायात काटा मोडलाय आणि तो हाडाशी गेलाय. सकाळी दुधाच्या टेम्पोत त्याला मांडीवर घेऊन तुम्ही सोलापूरला जनावरांच्या डॉक्टरकडं गेलात. पेरणीचे दिवस होते, तरी गेलात. परत आल्यावर आईला म्हणालात, "मुकं जनावर हाय. त्येला सांगता येत न्हाय, आपनच वळकाय पायजे." आईनं मान डोलावली आणि त्याच्यासाठी भाकरी कुस्करली. आईला सांगता येत होतं, अप्पा. हीच तिची चूक झाली म्हणायची. "पोटात कळ मारतीया" असं ती सांगत होती आणि तुम्ही "ववा खा" म्हणत होतात. उलटी झाली म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, शिळं खाल्लं असशील. ती एका कोपरानं पोट दाबून दुसऱ्या हातानं भाकऱ्या थापायची आणि तुम्ही समोर बसून जेवायचात. भाकरी जरा जाड झाली तर ते मात्र तुमच्या लगेच लक्षात यायचं.

मग ती दुपार. मी सातवीत होते, शाळेला सुट्टी होती. आई सरपण आणायला घरामागं गेली आणि कुत्रं भुंकायला लागलं. तुम्ही बाजेवरून उठून बसलात, कान दिलात आणि म्हणालात, "साप हाय. सरपणात साप हाय." मी पळत मागं गेले तर ढिगाच्या आडोशाला आई दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसलेली. कुत्रं तिच्यासमोर नाचत होतं. म्होरं जात नव्हतं, मागंही हटत नव्हतं. मला बघून ती भिंतीला धरून कशीबशी उठली, म्हणाली, "काय न्हाय, चल," आणि आत गेली. कुत्रं तिच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं आणि तिथं उभं राहून आतल्या दिशेनं भुंकू लागलं. तोवर तुम्ही हाका मारून शेजारची माणसं गोळा केलीत. काठ्या आल्या, कोयता आला. "ह्येला तिकडनं हाकला रे, दारात काय भुंकतंय, साप हिकडं हाय," असं तुम्ही ओरडलात. मी तुमच्याजवळ येऊन म्हटलं, "अप्पा, ते आईकडं बघून भुंकतंय." सगळ्या माणसांदेखत तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतंय? गप बस, न्हायतर एक ठिवून दीन." मी गप बसले. कुत्र्याला तुम्ही लांब बाभळीला बांधून टाकलंत.

तिन्हीसांज होईस्तोवर तुम्ही तो ढीग उपसत होतात. एक एक लाकूड बाजूला ठेवलं जात होतं, माणसं मागं सरून उभी, आणि तुम्ही पुढं. मध्ये एकदा आत वळून म्हणालात, "समद्यांना च्या कर की." आणि आईनं केला, अप्पा. चुलीपुढं वाकून, ओठ दाताखाली धरून तिनं सगळ्यांना चहा केला, मी कपबश्या बाहेर नेल्या. माणसं फुर्र करून प्याली आणि म्हणाली, चहा फक्कड झालाय. साप काही निघाला नाही. बिळातनं निसटला असणार, असं तुम्ही ठरवलंत आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. बाभळीचं कुत्रं भुंकून भुंकून घोगरं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आईला उठताच येईना, तेव्हा तिला गाडी करून सोलापूरला नेलं. आतलं आंत्रपुच्छ फुटून विष पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवं होतं. काल आपण साप शोधत होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आई घरी परत आली ती कापडात गुंडाळून. आणि तुम्ही तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना तो साप सांगत होतात. पुढं कितीतरी वर्षं सांगत होतात, दर वेळी तो हातभर लांब होत गेला. मी शेजारी बसून ऐकायची आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. वस्तीवर एवढी माणसं येऊन गेली, पण ते कुत्रं कुणावर भुंकत होतं हे एकानंही विचारलं नाही.

तुम्ही थकल्यावर मी तुम्हाला सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या ह्या घरी आणलं. माझ्याशिवाय तुम्हाला होतंच कोण. शेवटच्या महिन्यातली गोष्ट. मी तुम्हाला दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते आणि मी काही विचारलेलं नसताना तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी साप न्हवता." मी चमचा वाटीत ठेवला. "निम्मं सरपण काढलं तवाच कळलं हुतं मला. पर एवढी मानसं जमलेली. म्हनलं, आता काय सांगायचं?" मी विचारलं, "मग ते कशावर भुंकत होतं, अप्पा?" तुम्ही वाटीकडं बघत म्हणालात, "तू सांगितलं हुतंस की."

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं. मी एवढी वर्षं समजत होते की तुम्हाला कळलं नाही, आणि त्या समजुतीवर मी कसंबसं तुमचं सगळं केलं. माणसाला एखादी गोष्ट नाही कळत, ठीक आहे. पण तुम्हाला अर्ध्या दुपारी कळलं आणि चार माणसांपुढं खोटं पडायला नको म्हणून तुम्ही उरलेलं सरपण उपसत राहिलात. आई आत चहा करत होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

मी म्हटलं, "असू द्या, अप्पा." तुमचा हात हातात घेतला, तोंड पुसलं. तुम्ही राहिलेलं दूध पिऊन टाकलंत आणि त्या दुपारी तुम्हाला गाढ झोप लागली. पुष्कळ दिवसांनी तशी लागली होती.

ते 'असू द्या' खोटं होतं. मला काहीही असू द्यायचं नव्हतं, आजही नाही. एवढं सांगायलाच लिहायला बसले होते. पण पत्ता असता तरी हे मी तुम्हाला पाठवलं नसतं. तुम्ही ते खरं मानून गेलात, आणि मला अजूनही तुमची झोप मोडवत नाही.