रबराचा हात

मंगळवार, १२ ऑगस्ट. सकाळी सव्वाअकराला डेंटल कॉलेजच्या सरांनी मुरगूडच्या सानिया या विद्यार्थिनीला सगळ्यांदेखत नापास केलं. का, तर सरावाचा यंत्रपेशंट, म्हणजे कळ आली की ओरडणारा रबरी पुतळा, "आई गं" ओरडल्यावर तिनं ड्रिल थांबवून त्याचा रबरी हात धरला.

"मशीनला दुखतंय व्हय गं? वेळ संपला की तुझा!" सर म्हणाले. सगळे हसले. आमच्या कॉन्व्हेंटातल्या नन्स छडी मारायच्या, पण अशा हसायच्या नाहीत.

मी दाराशी, दाढ भरून घ्यायला बसलेली. दुपारी पेशंट बघायची पाळी सानियाची होती, तिनंच भरली. एकदा कळ आली, तर मी ओरडायच्या आत तिचा हात माझ्या हातावर. "थांबते हं, आजी." पोरीचे डोळे अजून ओले होते. ही सवय त्या रबरी हातावरच लागली ना तिला?

उद्याच प्राचार्यांना लिहिते: हात धरणं ही चूक कशी, ते शनिवारी पाचच्या आत लेखी कळवा.