परसातली करवंदं

कुरुळी, ३ मार्च २०२४
॥ श्री ॥

ती. कस्तुराअक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोंगरावरून आणलेली करवंदाची रोपं यंदा चौथ्या वर्षी फुलली. रात्रपाळी करून आलो की वास फाटकापर्यंत येतो. चिमाबाई टोमणा मारते, की बायकोला कधी पाणी विचारलं नाही, जाळीसाठी मात्र रोज बोअर चालू. आपल्या साक्षीला दिवस गेले आहेत. माहेरी आली आहे. करवंदं कधी, एवढंच विचारते.

माया आहे तशी असू दे.
तुझा धाकटा,
ज्ञानदेव

वाडी, १४ मार्च

चि. ज्ञानदेवास,
अ. उ. आ.

साक्षीचं वाचून डोळे भरले. पहिली ओंजळ देवीपुढं ठेव, मग पोरीला दे. पोटुशी बाई मागंल त्याला न्हाई म्हणू नये. शाळेत असताना माझी करवंदं चोरून खायचास आणि काळ्या ओठांनी देवाची शपथ घ्यायचास, ते तिला सांग. थोडी हिरवी लोणच्याला पाठव. चिक्कूपणा करू नको.

सगळ्यांनी जिवाला जपा.
कस्तुरा

कुरुळी, १९ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

लोणच्याला काही पाठवलं नाही म्हणून रागावली असशील. मागच्या आठवड्यात तपासणीवाले आमच्या बोअरचं पाणी घेऊन गेले होते. पलीकडच्या कंपनीचं सांडपाणी जमिनीत मुरतं आहे, हे पाणी तोंडातसुद्धा घेऊ नका, असं काल सांगून गेले. मी करवंदांचं विचारलं. त्यांच्यातला एक खाली बघत म्हणाला, की काका, घरात पोटुशी असेल तर मी तरी देणार नाही.

आज सकाळी सगळी जाळी ओरबाडून करवंदं टाकून द्यायला टोपलीत भरली. काट्यांनी हात सोलले. देवीपुढंही एक करवंद ठेवलं नाही. लेकीला चालत नाही ते देवाला कसं द्यायचं?

पोटुशीच्या तोंडचा घास काढला, म्हणून चिमाबाई बोलत नाही. साक्षी मात्र रुसली नाही. टोपलीशेजारी बसली आणि बोअर कधी घेतली ते विचारलं. ती जन्मली त्याच वर्षी, असं मी सांगितलं. मग हलकेच म्हणाली, की पप्पा, म्हणजे लग्नापर्यंत मी हेच पाणी प्यायले ना?

उद्या तिला पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेतो आहे. देवीपुढं बसलो, पण हात जोडून काय मागावं ते उमजेना. माझ्यावतीनं तू माग.

तुझा आशीर्वाद पोरीच्या पाठीशी ठेव.
ज्ञानदेव