रजेचे पंधरा दिवस

सौ. क्रांतीस,

मी खुशाल हाय. थंडी हाय, पण जेवण गरम मिळतंय. फोनवर बोललो की आई-आण्णा स्पीकर लावून गल्लीला ऐकवत्यात, म्हणून हा कागद.

दहा तारखेपासनं पंधरा दिवस रजा मिळालीया. कुणाला सांगू नगंस! मागच्या रजेत गारगोटीची आत्या, कळंब्याचा मामा, राजारामपुरीतली तुझी बहीण; जाईल तिथं चहा-पोहे, टॉवेल-टोपी आणि फोटो. का, तर न्हाय गेलो की रुसत्यात! पंधरातलं अकरा दिवस मी लोकांच्या सोफ्यावर काढलं. रुसू देत की! माझ्या पेटीत त्यांचं सात टॉवेल हाईत, पण तुझ्यासंगं निवांत बसलेली एक दुपार न्हाय.

ह्या वेळी तनूला सायकल मीच शिकवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय.

आईचा गुडघा कसा हाय? रजा संपली की आमची पलटण वर सीमेवर जाणार, परत रजा कधी ते ठाऊक न्हाय. काळजी करू नगंस.

मागच्या वेळी मी बॅग उचलली, तवा आपली तनू दारातनं काय वरडली, इसरलीस का?

"आई, पावणं निघालं बघ!"

तुझा,
यशराज