कोहळ्याची फोड

अकोला, सोमवार, संध्याकाळ

आज नगरपालिकेच्या भाजी-दुकानातून अख्खं कोहळं उचलून आणावं लागलं. तिथे फोड कापून देत नाहीत, नियम आहे म्हणे. सगुणाबाई माळीण सकाळी दारात टोपलं उतरवायची, मी एकटा म्हणून एका माणसापुरती फोड कापायची, वर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या. तिची दारोदार विक्री आम्ही नगरपालिकेच्या सभासदांनीच हे दुकान काढून सभेत बंद केली. म्हणजे बाकीच्यांनी केली. विरोधात हात माझा एकट्याचा होता. नागपूरहून प्रांत सरकारची मंजुरीसुद्धा आली.

ठराव नानांचा, माझ्या लहानपणच्या सोबत्याचा. "गरिबाले एकच भाव भेटला पायजे," म्हणाले. मी म्हटलं, "भाव तुमी ठरवान नाना, पन कोनाले केवढी फोड लागते, हे कमेटीले कसं समजन?" सगळे हसले. नाना हसले नाहीत. तेव्हापासून बोलतही नाहीत.

येताना सगुणाबाई भेटली. "तुमी हात वर केला म्हने. पन मले इचाराले कोनीच कावून नाई आलं?"

खरंच, मीही गेलो नव्हतो. मग भांडलो ते तिच्यासाठी, की माझ्या फोडीसाठी?

कोहळं कापलं. अर्धं झाकून ठेवलंय. ते नेऊन द्यावं असं गावात एकच घर आहे, नानांचं.