दुसऱ्या दोराची अट

प्रति,
मा. परवाना अधिकारी (साहसी पर्यटन),
जिल्हा पर्यटन कक्ष, अलिबाग.

अर्जदार : कु. कल्पिता शिवदास थळे, रा. किहीम, ता. अलिबाग.

विषय : श्री. सुजित हिरामण थळे यांच्या नियोजित दोर-आरोहण केंद्राची सुरक्षा सल्लागार होण्यास संमती देणे व त्यासोबत अटी घालणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे दि. ३ नोव्हेंबर २०२५ चे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त पत्रान्वये अर्जदारास असे समजले की, श्री. सुजित यांनी आपल्या केंद्राच्या प्रस्तावात ‘सुरक्षा सल्लागार’ म्हणून अर्जदाराचे नाव दिले असून सोबत अर्जदाराचा कड्यावरील फोटोही जोडला आहे. अर्जदारास याबाबत कोणीही विचारले नव्हते. पत्र आले त्या वेळी अर्जदार खांद्याला पट्टा बांधून घरी बसलेली होती, आणि तो पट्टा कोणामुळे बांधावा लागला हे प्रस्तावात कोठेही नमूद नाही.

२. श्री. सुजित हा अर्जदाराचा सख्खा चुलतभाऊ. गावामागच्या माकडकड्यावर दोघेही बरोबरच चढू लागले. अर्जदार चढे आणि सुजित खाली उभा राहून दोर धरी. पुढे त्याने वाडीत पर्यटकांसाठी कॉटेजेस काढली आणि त्यास दोर धरायला सवड उरली नाही. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ज्याला त्याला आपले पोट आहे. अर्जदार एकटी चढू लागली, एवढेच.

३. एकट्याने चढताना दोर माथ्यावर आधीच बांधून खाली सोडलेला असतो. कमरेच्या हार्नेसला लावलेली पकड चढणाऱ्याबरोबर दोरावरून वर सरकते आणि पाय सुटल्यास दोर घट्ट धरते. ही पकड कधी अडकते, कधी मातीने घसरते, म्हणून दुसरा दोर आणि त्यावर वेगळ्या जातीची दुसरी पकड लागते. एकाच जातीच्या दोन घेतल्या तर एकीला जो रोग तोच दुसरीला. पहिला दोर खडकातल्या बोल्टांना, दुसरा मागच्या करंजाच्या झाडाला, म्हणजे एक आधार गेला तरी दुसरा राहतो. दोर फार न ताणला जाणारा घ्यावा, आणि जेथे तो कड्याच्या धारेवर घासतो तेथे जाड कॅनव्हास घालावे. अर्जदाराच्या घरी ट्रक असल्याने जुन्या कॅनव्हासला तोटा नाही. मात्र ट्रकवरची ताडपत्री आवळायचा दोर माणसासाठी वापरू नये. श्री. सुजित यांच्या साहित्याच्या यादीत तोच दोर आहे.

४. दसऱ्यानंतरच्या रविवारी अर्जदार दोन्ही दोर बांधून पायवाटेने कड्याच्या तळाशी उतरत असताना सुजित काही पाहुण्यांना समुद्र दाखवायला माथ्यावर घेऊन आला. पाहुण्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला नारळाच्या झाडांमध्ये झोपाळा टांगायचा होता. त्याने करंजाला बांधलेला मजबूत पट्टा व कड्या सोडवून खिशात घातल्या. दोराचे मोकळे टोक खाली जाऊ नये म्हणून त्यावर एक चांगला दगड ठेवला. आमच्याकडे पेंढ्यावर दगड, ताडपत्रीवर दगड, सुकत घातलेल्या बोंबलांच्या जाळीवर दगड, वाऱ्याने जाईल अशा प्रत्येक वस्तूवर दगडच ठेवतात. तो संस्कार त्याने येथेही पाळला. खालून पाहणाऱ्यास दोन्ही दोर पूर्वीसारखेच लोंबत होते.

५. जमीन सोडण्यापूर्वी एकेका दोरावर अंगाचा सगळा भार टाकून पाहणे, ही अर्जदाराची पद्धत आहे. पहिला दोर टिकला. दुसऱ्यावर भार टाकताच दोर आला आणि मागोमाग दगडही आला. हेल्मेट तडकले, उजव्या खांद्याजवळचे गळपट्टीचे हाड मोडले. पद्धत नसती तर अर्जदार वर गेली असती आणि ज्या दिवशी पहिली पकड घसरली असती त्या दिवशी आपणांस हा अर्ज लिहायला कोणी उरले नसते.

६. सुजित दवाखान्यात भेटावयास आला. माफी मागेल असे वाटले होते. तो म्हणाला, “येका मानसाला दोन दोर कनाला? येक त नुसता लोंबत व्हता.” आणि वर, “मी दगर ठेवला व्हता ना!” चूक कबूल करणारा माणूस परवडतो, दगडाचे श्रेय मागणारा परवडत नाही. त्यानंतर त्याचे वडील हिरामणकाका नारळ आणि गावठी कोंबडा घेऊन आले. अर्जदाराची आई येसूबाई म्हणाली, “बाय, घरातली गोष्ट हाय, सरकारात नको नेव.” कोंबडा सर्वांनी मिळून खाल्ला. अर्जदाराचा राग मात्र आहे तेथेच आहे, आणि तो जावा अशी अर्जदाराची इच्छाही नाही.

७. असे असता प्रस्ताव फेटाळावा, अशी मागणी अर्जदार करील असे आपणांस वाटले असेल. तसे नाही. फेटाळला तर सुजित चार दिवस तोंड पाडून हिंडेल आणि पाचव्या दिवशी दुसरे काहीतरी काढील. सबब अर्जदार सुरक्षा सल्लागार हे पद आनंदाने स्वीकारत आहे. यापुढे केंद्रात एकही पट्टा, कडी वा दोर अर्जदाराच्या सहीशिवाय लागणार नाही. ताडपत्रीचा दोर बाद. झोपाळा उतरवून अर्जदाराचा पट्टा परत. प्रत्येक पाहुण्यास दोन दोर, आणि दुसरा कशाला हे प्रत्येकास सुजितने स्वतः, मोठ्याने, पाहुण्यांच्या देखत समजावून सांगायचे.

८. परवाना देण्यापूर्वी आपल्या समक्ष एक प्रात्यक्षिक व्हावे. त्यात चढणारा सुजित असावा. अर्ध्या कड्यावर, जेथून खाली उडी मारता येत नाही व वर चटकन पोचता येत नाही, तेथे त्याने पहिली पकड सोडून दुसऱ्या दोरावर सगळा भार टाकावा आणि आपण थांबा म्हणाल तोवर लटकत राहावे. आपण, हिरामणकाका व गावकरी यांनी तळाशी बसावे. माथ्यावर दोर बांधायला अर्जदार एकटी असेल. लटकलेल्या माणसाला वर काय चालले आहे ते दिसत नाही.

९. अर्जदार तो दोर नीट बांधील आणि दोनदा तपासील, याची लेखी हमी याद्वारे देण्यात येत आहे. ही हमी आपल्या कार्यालयापुरतीच ठेवावी. सुजितला ती खाली उतरल्यावरच कळवावी, इतकीच विनंती.

आपल्या पत्राबद्दल आभारी,
(सही)
कल्पिता शिवदास थळे
किहीम, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : संमतिपत्र, तडकलेल्या हेल्मेटचा फोटो, खांद्याचा एक्स-रे.